रात्री टँकमध्ये किडे दिसले म्हणून दगड उकळायला घेऊ नका

पत्र थोडक्यात: एका वाचक ताईंनी लिहिलंय. घरी साधारण २०० लिटरचा मरीन, म्हणजे समुद्रासारख्या खाऱ्या पाण्याचा, टँक आहे, सव्वा वर्ष झालं सुरू करून. दोन क्लाउनफिश, एक क्लीनर श्रिंप, थोड्या गोगलगायी, झोआ (बटणांसारखे छोटे कोरल), एक हॅमर कोरल आणि नुकताच आणलेला अ‍ॅक्रोपोराचा छोटा फ्रॅग, म्हणजे कोरलचा तुकडा. एक वाळू चाळणारा गोबीपण होता. तो बारीक दिसायला लागला म्हणून गेले दोन-तीन महिने त्यांनी खाणं वाढवलं, सकाळ-संध्याकाळ फ्रोझनचा एकेक क्यूब, वर पेलेट, शिवाय कोरलसाठी पावडर. मध्यंतरी रात्री टँकचे दिवे बंद झाल्यावर मोबाइलचा टॉर्च मारला तर दगडांच्या भोकाभोकांतून गुलाबी-तपकिरी, दोन्ही बाजूंना केस असलेले, बोटभर लांबीचे किडे बाहेर आलेले, जिकडे बघावं तिकडे. पुढच्याच आठवड्यात गोबी सकाळी मेलेला सापडला आणि त्याच्या अंगावर हेच किडे. एक हाताने काढायला गेल्या तर बोटात बारीक काटे घुसले, दोन दिवस आग. काचेवर आणि वाळूवर गंजाच्या रंगाचे ठिपके वाढतायत, कोपऱ्यात पांढरी बारीक वेटोळी पण दिसतायत. सात वर्षांची मुलगी टँकजवळच्या सोफ्यावर बसायला तयार नाही, सासूबाई म्हणतात किड्यांचं पाणी घरात नको, नवरा म्हणतो विकून टाक. एका ओळखीच्याने कुत्र्याचं जंताचं औषध टाकायला सांगितलंय, दुसऱ्याने दगड काढून उकळायला. त्यांचा प्रश्न: "सगळे किडे एकदाच कसे संपवू? आणि माझा टँक खरंच इतका घाण आहे का?"

ताई, बाकीचं उत्तर नंतर सावकाश वाचा पण ही एक गोष्ट आत्ता: दगड उकळू नका. तुमच्याकडे झोआ आहेत, आणि झोआ व त्यांचे भाऊबंद पॅलिथोआ यांच्यात पॅलिटॉक्सिन नावाचं विष असू शकतं, निसर्गात सापडलेल्या सगळ्यात जहाल विषांपैकी एक. दगडावर त्यांचा एखादा तुकडा चिकटलेला असेल आणि तुम्ही तो दगड उकळलात, किंवा वर कडकडीत पाणी ओतलंत, किंवा बाहेर काढून ब्रशने खरवडलात, तर हे विष वाफेतून, तुषारांतून श्वासात जातं. २०१८ साली इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायरला एका घरात टँकमधलं कोरल साफ करताना असंच झालं आणि घरातल्या माणसांना हॉस्पिटलात न्यावं लागलं. किड्यांनी आजवर असं कोणाचं केलेलं नाही. आणि विष बाजूला ठेवलं तरी, उकळलेला दगड म्हणजे मेलेला दगड, त्यातले सगळे चांगले बॅक्टेरिया गेले, परत अमोनियाच्या सायकलपासून सुरुवात, म्हणजे अमोनिया संपवणारे बॅक्टेरिया नव्याने तयार होईपर्यंत थांबा. ज्यांनी सांगितलं त्यांनी चांगल्या मनानेच सांगितलं असणार, पण नाही.

आता गोबीकडे येऊ. तुमच्या पत्रातली सगळी भीती तिथूनच सुरू होते असं मला वाटतं.

तुम्ही बघितलंत ते असं, मासा मेलेला आणि त्याच्यावर किडे. त्यावरून किड्यांनी मारलं असं वाटणं साहजिक आहे, कोणालाही वाटेल. पण तुम्ही वर्णन केलेत ते किडे, म्हणजे साधे ब्रिसल वर्म, यांचं कामच मेलेलं खाणं आहे. उरलेलं अन्न, माशांची विष्ठा, सडणारं शेवाळ, मेलेली गोगलगाय, जे काही कुजायला लागलं त्याचा वास त्यांना लांबून लागतो आणि ते भोकातून बाहेर येतात. धडधाकट पोहणाऱ्या माशाला पकडण्याचा वेगही त्यांच्यात नाही आणि तसा जबडाही नाही. फार तर अगदी मरणपंथाला लागलेला, तळाला पडलेला मासा असेल तर ते थांबत नाहीत, लगेच सुरू करतात, हे खरं आहे आणि बघायला भयंकर वाटतं. पण तोवर मासा गेल्यातच जमा असतो.

मग गोबी कशाने गेला? तुमच्याच पत्रात आहे की, तो बारीक दिसायला लागला होता. वाळू चाळणारे गोबी तोंडात वाळू घेतात आणि कल्ल्यांतून बाहेर टाकतात ते हौस म्हणून नाही, त्या वाळूतले कोपेपॉड, अ‍ॅम्फिपॉड, बारीक बारीक वर्म असं जे जिवंत असतं ते ते खातात. २०० लिटरच्या टँकमधली वाळू असते किती, काही आठवड्यांत असा गोबी ती साफ चाळून रिकामी करतो आणि मग त्याला वरून टाकलेलं खायची सवय लागली नाही तर तो भरल्या टँकमध्ये उपाशी मरतो. पोट आत गेलेलं, डोकं मोठं आणि मागचं शरीर सुकलेलं असं दिसत होतं का शेवटी? तसं असेल तर मला तरी उत्तर स्पष्ट दिसतं. आणि बघा, तो बारीक झाला म्हणून तुम्ही खाणं वाढवलंत, ते खाणं वर तरंगलं किंवा प्रवाहात दगडांमागे गेलं, क्लाउननी त्यातलं थोडं खाल्लं, गोबीच्या पोटात काहीच गेलं नाही आणि बाकी सगळं गेलं किड्यांना. म्हणजे किडे वाढले आणि गोबी मेला या दोन गोष्टी एकाच वेळी झाल्या हे बरोबर, पण एकीमुळे दुसरी झाली असं नाही, दोन्हीच्या मागे कारण एकच होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी नको.

तुम्हाला दोष देत नाहीये हां. बारीक मासा दिसल्यावर हात आपोआप खाण्याच्या डब्याकडे जातो. पण पुढचा मासा आणताना हे लक्षात ठेवा, वाळू चाळणारा गोबी छोट्या आणि नव्या टँकसाठी नाहीच, मग तो आवडला तरी. आणि गोबी गेल्यावर अमोनिया मोजलात का, पत्रात लिहिलेलं नाही. नसेल तर आज मोजा, कारण त्या रात्री दुसरंच काहीतरी बिघडलं होतं का हेही कळेल. अमोनिया शून्यच हवा, सॅलिनिटी (खारेपणा) ३५ पीपीटीच्या आसपास, तापमान २५-२६ अंश. रात्री टँकमधला ऑक्सिजन तसाही उतरतो, कारण अंधारात शेवाळ आणि कोरल ऑक्सिजन बनवायचे थांबतात आणि वापरत मात्र राहतात. त्यामुळे कमजोर मासे जास्त करून रात्रीच जातात आणि आपल्याला सकाळी कळतं.

"माझा टँक घाण आहे का" याचं उत्तर: घाण नाही, पण खाणं जास्त पडतंय. ब्रिसल वर्म प्रत्येक लाइव्ह रॉकमध्ये, म्हणजे बॅक्टेरिया आणि बारीक जीव राहतात अशा दगडात, असतात, कोरलच्या फ्रॅगबरोबर येतात, जुन्याजाणत्यांच्या सुंदर टँकमध्येही रात्री टॉर्च मारलात तर दिसतील. दगडांच्या ज्या फटींत तुमचा सायफन जात नाही, श्रिंप जात नाही, तिथे ते जातात आणि तिथलं कुजणारं अन्न संपवतात. ते नसते तर तेच अन्न सडून अमोनिया झाला असता. म्हणून "सगळे एकदाच संपवू" हा विचार मला पटत नाही. दगडांच्या आत शेकडो किडे एका रात्रीत मेले तर ते आतच सडणार, आणि त्या सडण्याने जे होईल त्यात क्लाउन, श्रिंप, हॅमर सगळे जातील.

त्यामुळेच कुत्र्याचं जंताचं औषधपण नको. त्यात बहुतेक वेळा फेनबेंडाझोल असतं. ते वर्म मारतं हे खरं, पण त्याला चांगला वर्म आणि वाईट वर्म कळत नाही, फेदर डस्टरसारखे निरुपद्रवी वर्म जातात, गोगलगायी जातात, काही सॉफ्ट कोरल जातात, आणि ते दगडांत मुरून बसतं, म्हणजे नंतर नवीन गोगलगायी आणल्या तरी त्या टिकत नाहीत. तांब्याची औषधं तर कोरलच्या टँकमध्ये कधीच नाही, श्रिंप आधी जाईल.

मग करायचं काय? ओळख पटवायची आधी. दिवे गेल्यावर तासाभराने लाल उजेड घेऊन बसा, टॉर्चवर लाल कागद किंवा जिलेटिन लावलं तरी चालतं, लाल उजेड त्यांना फारसा जाणवत नाही त्यामुळे ते आत पळत नाहीत आणि नीट बघता येतं. फोटो काढा. साधा ब्रिसल वर्म गुलाबी, नारिंगी किंवा करडा असतो, दोन्ही कडांना पांढरट केसांची झालर. हे तुमच्या वर्णनाशी जुळतंय.

ज्याची भीती बाळगावी असा फायरवर्म वेगळा दिसतो. बिअर्डेड फायरवर्म, हर्मोडीस कॅरनक्युलाटा, जाडजूड असतो, पांढऱ्या केसांच्या दाट झुपक्यांशेजारी लालसर-नारिंगी कल्ले, आणि डोक्यावर मांसल घड्यांचा तुरा. तो कोरलच्या फांदीच्या टोकावर चढून अख्खं टोक तोंडात घेतो आणि तो गेल्यावर टोक पांढरं पडलेलं दिसतं. पण तो अटलांटिक, कॅरिबियन आणि भूमध्य समुद्राकडचा. तुमचे दगड दुसऱ्या समुद्रातले असतील तर तो असण्याची शक्यता फारच कमी, आणि दगड कोरडे आणून नंतर तुम्हीच तयार केलेले असतील तर त्याहून कमी.

तिसरा प्रकार युनिसिड, ज्यांच्यातला सगळ्यात बदनाम म्हणजे बॉबिट वर्म. याला कडेच्या केसांची तशी झालर दिसत नाही, अंगावर इंद्रधनुषी चमक असते, डोक्यावर पाच मिशा आणि मजबूत जबडे. हा खरोखर मासे पकडतो. इंग्लंडमधल्या न्यूकीच्या ब्लू रीफ अ‍ॅक्वेरियममध्ये २००९ साली कोरल तुटलेली आणि मासे जखमी दिसायला लागले, कारण कळेना, शेवटी अख्खा देखावा उचकटला तेव्हा चार फुटांच्या आसपासचा एक वर्म निघाला. ही गोष्ट सांगितली की लोक आपल्या टँकमध्ये बॉबिट शोधायला लागतात म्हणून लगेच सांगतो, घरच्या टँकमध्ये तो क्वचितच निघतो, आणि असला तरी झुंडीने नसतो. तुम्हाला "जिकडे बघावं तिकडे" दिसले ना, मग ते बॉबिट नाहीत. गोगलगायी एकामागून एक गायब होणं, मऊ कोरल कात्रीने कापल्यासारखं दिसणं, एकाच भोकाजवळ रोज काहीतरी ओढून नेलेलं, असं असेल तर मात्र मला परत लिहा, फोटोसकट.

दगडातून नुसते पांढरे लांब धागे वाळूवर पसरलेले दिसले तर तो स्पॅगेटी वर्म, नळीतून पंखा उघडलेला दिसला तर फेदर डस्टर, दोघेही निरुपद्रवी, राहू द्या.

संख्या कमी करायचा खरा मार्ग म्हणजे खाणं कमी करणं, हे तुम्हाला आता कळलंच असेल. दोन क्लाउनना दिवसाला दोन क्यूब म्हणजे खूपच झालं. क्यूब आधी वितळवा, बारीक जाळीत धुवा म्हणजे ते चिकट पाणी टँकमध्ये जाणार नाही, आणि त्यातलं चिमूट-चिमूट टाका, दोन-तीन मिनिटांत संपेल इतकंच. पुष्कळदा अर्ध्या क्यूबमध्ये भागतं. रिटर्न पंप तेवढा वेळ बंद ठेवा, नाहीतर अर्धं खाणं सम्पमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत) जाऊन बसतं. कोरलची पावडर सध्या पूर्ण बंद करा, झोआ आणि हॅमर उजेडावर छान जगतात. आठवड्यातून एकदा, पाणी बदलायच्या आधी, मोठ्या प्लास्टिकच्या पिचकारीने दगडांच्या फटींत पाणी मारा, इतका गाळ उडेल की तुमचा विश्वास बसणार नाही, तो गाळ सायफनने आणि फिल्टर सॉकमध्ये पकडून बाहेर काढा. हे नुसतं नीट केलं तरी काही आठवड्यांत फरक दिसतो. सुरुवातीचे काही दिवस उलट जास्त किडे बाहेर दिसतील, उजेडातसुद्धा, कारण ते भुकेले असतात. घाबरून परत खाणं वाढवू नका.

पण त्याच उत्साहात सगळंच शून्यावर आणू नका. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही एकदम शून्य झाले की डायनोफ्लॅजेलेट नावाची चिकट तपकिरी बला येते, तिच्यापुढे हे किडे परवडले. नायट्रेट ५ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएमच्या मध्ये राहिलं तर बरं.

तोवर थोडे पकडूनही काढा, कारण तुम्हाला मनातून बरं वाटेल आणि घरच्यांना काहीतरी चाललंय असं दिसेल. एक छोटी झाकणाची प्लास्टिकची नळी किंवा डबी घ्या, त्याला किडा आत शिरेल इतकी तीन-चार मिलिमीटरची भोकं पाडा, आत माशांच्या खाण्याचा तुकडा ठेवा, रात्री दिवे गेल्यावर दगडाला टेकवून ठेवा आणि उठल्या उठल्या काढा, उशीर केला की खाऊन परत गेलेले असतात. मोठा एखादा दिसला तर लांब चिमट्याने पकडून सरळ बाहेर ओढा. कापू मात्र नका, काही ब्रिसल वर्मचे तुकडे झाले तर तुकड्यांपासून नवीन किडे तयार होतात, म्हणजे एकाचे तुम्ही तीन कराल. काढलेले फ्रीझरमध्ये पिशवीत रात्रभर ठेवून मग कचऱ्यात. समुद्रात, खाडीत, नाल्यात सोडायचे नाहीत, टँकमधला कुठलाच जीव बाहेर सोडायचा नाही.

हातात ग्लोव्ह घाला, दरवेळी. ते केस पोकळ आणि ठिसूळ असतात, कातडीत घुसून तुटतात. घुसलेच तर चोळू नका, चिकटपट्टी लावून उचला, दोन-तीनदा, मग पातळ व्हिनेगर लावलं की बऱ्याच जणांना आराम पडतो. सूज पसरत गेली, श्वासाला त्रास झाला तर डॉक्टर. आणखी एक, हातावर जखम असताना टँकमध्ये हात घालणं तसंही बरं नाही, मायकोबॅक्टेरियम मरिनम नावाचा बॅक्टेरिया टँकच्या पाण्यातून जखमेत जाऊ शकतो आणि ती गाठ महिनोन् महिने बरी होत नाही. किड्यापेक्षा मला याची जास्त काळजी वाटते.

किडे खाणारा मासा आणा असं कोणीतरी सांगेलच. सिक्स लाइन रॅस, मेलानुरस रॅस, अ‍ॅरो क्रॅब, कोरल बँडेड श्रिंप, ही नावं ठरलेली. खातात, पण छोटे किडे खातात, मोठ्या केसाळांच्या वाटेला सहसा जात नाहीत. सिक्स लाइन मोठा झाला की दादागिरी करतो, नंतर आणलेल्या शांत माशाला तो जगू देत नाही. कोरल बँडेड श्रिंप तुमच्या क्लीनर श्रिंपला मारू शकतो. मेलानुरसला झोपायला वाळूचा थर लागतो आणि टँकवर झाकण लागतं, नाहीतर उडी मारतो. मला स्वतःला एका कामासाठी जिवंत प्राणी आणायचा आणि काम झालं की तो नकोसा व्हायचा हे आवडतच नाही. तुम्हाला तो मासा आवडतो म्हणून आणायचा असेल तर आणा.

आता ज्या दोन गोष्टी तुम्ही पत्रात एकेका ओळीत उरकल्यात, त्यांच्याकडेच मी जास्त लक्ष देईन. काचेवरचे गंजाच्या रंगाचे ठिपके, आणि नवीन अ‍ॅक्रोपोरा.

ठिपके भिंगातून बघा. नुसता पुसला जाणारा थर असेल तर डायटम (तपकिरी सूक्ष्म शेवाळ), सोडून द्या. पण प्रत्येक ठिपका सुटा असेल, काही मिलिमीटरचा, मागच्या टोकाला शेपट्यांसारखे तीन भाग असतील आणि हळूहळू सरकत असेल, तर ते लाल फ्लॅटवर्म, ज्यांना हॉबीवाले रेड प्लॅनेरिया म्हणतात. यांच्या अंगात शैवाल असतं म्हणून त्यांना उजेड लागतो, जिथे प्रवाह कमी आणि उजेड जास्त तिथे ते गोळा होतात, आणि अंगालाच कोंब फुटून नवीन तयार होत असल्यामुळे एकाचे शंभर व्हायला वेळ लागत नाही. ते कोरलला चावत नाहीत, पण वर पसरून उजेड अडवतात. खरी भानगड अशी की ते मरताना विष सोडतात. थोडे मेले तर काही नाही, हजारो एकदम मेले तर मासे जाऊ शकतात. म्हणून यांच्यावर सरळ औषध टाकायचं नाही. आधी बारीक नळीच्या सायफनने, रोज किंवा दिवसाआड, दिसतील तेवढे ओढून काढा, दिवे लागून काही तास झाले की ते वर येतात तेव्हा. वेव्हमेकरचं (प्रवाह करणाऱ्या पंपाचं) तोंड त्या कोपऱ्याकडे वळवा. बऱ्याच टँकमध्ये एवढ्यानेच ते आटोक्यात राहतात. नाहीच राहिले तर फ्लॅटवर्म एक्झिटसारखं त्यांच्यासाठीचं औषध आहे, पण तेव्हाही आधी जास्तीत जास्त ओढून काढा, बदलायचं पाणी तयार ठेवा, नवीन अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन हाताशी ठेवा, आणि औषधाने ते मरायला लागले की तरंगणारे ओढत राहा, मग कार्बन लावा आणि पाणी बदला. एकट्याने नका करू, दोन माणसं लागतात. फक्त हेच फ्लॅटवर्म खाणारी निळ्या रेषांची एक सुंदर समुद्री गोगलगाय मिळते, केलिडोन्युरा व्हॅरियन्स, पण ती दुसरं काही खात नाही, फ्लॅटवर्म संपले की उपाशी मरते. कोणाकडे पुढे द्यायची सोय असेल तरच.

आणि अ‍ॅक्रोपोरा. आणताना डिप केला होता का, म्हणजे कीड काढणाऱ्या द्रावणात बुडवला होता का? नसेल तर उद्याच बाहेर काढून नीट बघा. अ‍ॅक्रोपोरा खाणारे फ्लॅटवर्म असतात, ते कोरलच्याच रंगाचे, पातळ, चिकटून बसतात, कितीही टॉर्च मारा, दिसत नाहीत. दिसतात ते त्यांचे खाल्ल्याचे फिकट गोल डाग, कोरलचा उतरलेला रंग, आणि बुडाशी मेलेल्या भागावर तपकिरी अंड्यांचे पुंजके. तुम्हाला ज्या केसाळ किड्यांनी झोप लागू दिली नाही ते कोरलला हात लावत नाहीत, आणि हा दिसतही नाही पण अख्खं कोरल संपवतो. फ्रॅग कोरल डिपमध्ये बुडवा, पिचकारीने त्यावर जोरात पाणी मारा, खाली काय पडतं ते पांढऱ्या भांड्यात बघा. काही पडलं तर डिप एकदा करून भागत नाही, अंड्यांवर डिप चालत नाही आणि ती फुटायला साधारण दीड ते तीन आठवडे लागतात, म्हणून दर आठवड्याला, सहाएक आठवडे. ज्या प्लगवर (छोट्या बैठकीवर) फ्रॅग चिकटवलाय तो तोडून फेकून द्या, अंडी तिथेच असतात. आणि इथून पुढे प्रत्येक नवीन कोरल आधी डिप आणि मग काही आठवडे वेगळ्या छोट्या टँकमध्ये. कंटाळा येतो, मान्य.

घरातलं राहिलं. मुलीला सांगा की हे किडे पाण्याबाहेर येऊन चालत नाहीत, ते पाण्यातच श्वास घेतात, सोफ्यावर येऊ शकत नाहीत, आले तर सुकून मरतील. पण नुसतं सांगून सात वर्षांचं पोर ऐकणार नाही, आणि ऐकावं असंही नाही. तिला हवं असेल तर, हवं असेल तरच, लाल टॉर्च घेऊन लांबून बघू द्या, काचेपलीकडून. नको म्हणाली तर सोफा हलवा, सोपं आहे. सासूबाईंना वाटतंय ते पोटातल्या जंतांसारखं काहीतरी आहे, असं मला पत्रावरून वाटलं. तसं असेल तर स्पष्ट सांगा की हे माणसाच्या पोटात राहणारे जंत नाहीत, समुद्राच्या पाण्याशिवाय ते जगत नाहीत, आणि टँकची बादली, पाइप, कपडा स्वयंपाकघरापासून वेगळा ठेवायचा हे त्यांनी न सांगता करा.

नवऱ्याचं जरा वेगळं वाटतंय. "विकून टाक" यात किडे किती आणि बाकीचं किती, हे तुम्ही त्यांना विचारलंय का? टँक वेळ खातो, पैसा खातो, आवाज करतो, सुट्टीला कुठे जाता येत नाही, आणि हे सगळं माणूस कित्येक महिने बोलत नाही आणि मग किड्यांचं निमित्त मिळतं. तसं असेल तर किडे गेल्यावरही ते भांडण तसंच राहील. विचारा, आणि सहा-आठ आठवडे मागून घ्या, तेवढ्यात खाण्याचा परिणाम दिसतो. त्यानंतरही तुम्हाला स्वतःला तो टँक बघून घाण वाटत असेल, तर बंद करणं हाही एक सरळ निर्णय आहे, त्यात हार वगैरे काही नाही. फक्त मासे आणि कोरल आधी दुसऱ्या चांगल्या टँकमध्ये जाऊ द्या, आणि दगड ओले असतानाच कोणाला तरी द्या.

हां, आणि काचेवरची ती पांढरी वेटोळी, एक-दोन मिलिमीटरची, ती स्पायरॉर्बिस, नळीत राहणारा छोटा वर्म, पाणी गाळून खातो, काही करत नाही. दगडावर मात्र कडक टोकदार नळ्या असतील आणि त्यातून कोळ्याच्या जाळ्यासारखे चिकट धागे सुटत असतील तर त्या वर्मेटिड गोगलगायी आहेत, वर्म नाहीतच. त्यांच्या धाग्यांनी शेजारचं कोरल मिटून बसतं, त्यामुळे दिसेल ती नळी पक्कडीने तोडा आणि तोंडावर थोडा कोरल ग्लू लावून बंद करा.